दिसलेलं उत्तर आणि काढलेलं उत्तर

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे सीसॅटमध्ये, ८० प्रश्न असतात आणि हातात १२० मिनिटं. भागाकार केला तर एका प्रश्नाला दीड मिनिट येतं. त्यात उतारे लांबलचक, ते वाचण्यातच अर्धा जीव जातो. मग तर्कशक्तीच्या प्रश्नाला उरतो एखादा मिनिट, कधी तेवढाही नाही. २०२२ पासून हा पेपर फक्त पात्रतेपुरता आहे. २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की झालं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण पहिल्या पेपरात कितीही मारलं आणि इथे ६५ वर अडकलात, तर तो पहिला पेपर कुणी बघतही नाही.

त्या एका मिनिटात दोनच गोष्टी करता येतात. उत्तर 'दिसतं' किंवा उत्तर 'काढावं लागतं'. हे शब्द माझे नाहीत, आष्टीतल्या अभ्यासिकेतले आहेत. तिथली पोरं पेपर झाल्यावर एकमेकांना असंच विचारतात, "तुला दिसलं का काढलं?" मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, महिन्यातून एखाद-दोन वेळा गावी येतो. माझी आतेबहीण या अभ्यासिकेत तीन वर्षं बसते आहे. गेल्या खेपेला ती सीसॅटमध्ये थोडक्यात राहिली. आत्या आणि मामा दसरा झाला की ऊस तोडायला जातात. धाकट्या भावाची शाळा, दोन शेळ्या आणि घर हे सगळं तेव्हा तिच्यावर असतं. तिचं लग्न पुढे ढकलण्याची घरच्यांची तयारी आता एका परीक्षेपुरतीच उरली आहे. त्यामुळे 'दिसलं का काढलं' हा तिच्यासाठी गप्पांचा विषय नव्हता. उरलेले चार महिने कशात घालायचे, एवढा साधा प्रश्न होता.

सल्ले दोन प्रकारचे मिळत होते. तिच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी सांगायची, "पहिलं मनात येतं तेच बरोबर असतं. विचार केला की चुकतं." मोबाईलवरचे एक सर सांगायचे, प्रत्येक विधानाची वेन आकृती काढल्याशिवाय पर्यायांकडे बघायचंच नाही. पहिल्या पद्धतीने पेपर वेळेत संपायचा, पण गुण कधी ८० तर कधी ५५. दुसऱ्या पद्धतीने सोडवलेलं बहुतेक बरोबर यायचं, पण पंचवीस-तीस प्रश्न हातच न लागता राहायचे.

"दादा, मला काही वेळा खरंच दिसतं रे," ती म्हणाली. "मग ते कागदावर कशाला मांडू?"

प्रश्न रास्त होता. कारण तिला जे दिसतं ते कुठून तरी येतंच.

दिशांचे प्रश्न घ्या. 'एक माणूस उत्तरेकडे चालत गेला, उजवीकडे वळला, परत उजवीकडे वळला.' शहरातली मुलं इथे वहीत बाण काढतात. ती वर बघतही नाही. शेतातला बांध उगवतीला की मावळतीला हे लहानपणापासून बोलण्यात असलेल्या माणसाला वळणं मोजावी लागत नाहीत. नात्यांच्या प्रश्नांचंही बरंचसं तसंच. इंग्रजीतला अंकल मराठीत काका, मामा, मावशीचा नवरा असा वेगवेगळा होतो. बाजू आणि पिढी शब्दातच असते, ती वेगळी काढावी लागत नाही.

पण याच ठिकाणी एक गंमत आहे. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. म्हणजे मी तिच्या वडिलांना मामा म्हणतो आणि ती माझ्या वडिलांना मामा म्हणते. घरात यावरून कुणाचा कधी गोंधळ झाला नाही. परीक्षेतल्या मामाला मात्र आईचा भाऊ असण्यावाचून गत्यंतर नसतं. 'अ हा ब चा मामा आहे आणि ब चे वडील हे क चे मामा आहेत' असा प्रश्न आला की तिच्या डोळ्यांपुढे आमचं घर उभं राहतं आणि उत्तर तिथून येतं. कधी बरोबर, कधी साफ चूक. आणि दोन्ही वेळेला खात्री सारखीच.

ही सारखी खात्री हेच या सगळ्यातलं अवघड दुखणं आहे.

अंतर्मनाच्या कौलावर कधी विसंबावं, यावर मानसशास्त्रात मोठा वाद होता. गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलातल्या अनुभवी लोकांचा अभ्यास केला होता. क्षणात घेतलेले त्यांचे निर्णय किती अचूक असतात, हे त्यांनी पाहिलं होतं. डॅनियल कानेमन यांनी उलट आयुष्यभर माणसांच्या झटपट अंदाजांतल्या चुका गोळा केल्या. २००९ साली या दोघांनी मिळून एक निबंध लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. पहिली, ज्या क्षेत्रात तुम्ही अंदाज करता तिथे काही नियमितपणा हवा. दुसरी, तुमचा अंदाज बरोबर होता की चूक हे तुम्हाला वारंवार आणि स्पष्ट कळायला हवं. दोन्ही असेल तर सरावाने कौल सुधारतो. नसेल तर फक्त आत्मविश्वास वाढतो.

बुद्धिबळ हे पहिल्या प्रकारातलं. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवलं की निष्णात खेळाडूला खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवला तर तो बहुतेक सगळी मोहरी आठवून मांडतो. तीच मोहरी कशीही विखरून ठेवली तर त्याची आघाडी जवळपास नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नसते. त्याला ओळखीचे आकृतिबंध दिसतात, एवढंच. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला तेव्हा अंतिम सामना जलद डावांपर्यंत गेला होता. घड्याळ पळत असताना प्रत्येक चाल मुळापासून काढायला वेळ नसतो. ती दिसावी लागते. आणि ती दिसावी म्हणून आधी हजारो डाव हरून-जिंकून, मग बसून तपासलेले असावे लागतात.

आता हेच सीसॅटच्या सरावाला लावून बघा. नियमितपणा आहे, प्रश्नांचे साचे तेच तेच येतात. पण कळतं काय? मॉक टेस्ट संपली की शेवटी एक तक्ता येतो: १-ब, २-ड, ३-अ. तुमचं अक्षर जुळलं की हिरवी खूण. चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं उत्तरही हिरवंच दिसतं. चार पर्यायांत चारातून एकदा नुसत्या तुक्क्यानेही हिरवं होतं. म्हणजे आपलं मन शिकतं, पण काय शिकतं याचा भरवसा नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही एक साधी वही केली. प्रश्न सोडवला की उत्तरतक्ता बघायच्या आधी समासात दोन खुणा करायच्या. पहिली, 'दि' किंवा 'का', म्हणजे दिसलं की काढलं. दुसरी, खात्री किती: पक्की, अर्धी की तुक्का. एवढ्याला दोन सेकंद लागतात. तक्ता तपासल्यावर ज्यांच्यापुढे 'दि, पक्की' आहे त्या प्रत्येकाचं कारण दोन ओळींत लिहायचं. बरोबर आलं असलं तरी लिहायचं. बाकीचे वाटलं तर सोडून द्यायचे.

सॉफ्टवेअरमधल्या कुणालाही ही वही ओळखीची वाटेल. रात्री दोन वाजता सर्व्हर पडतो तेव्हा टीममधला जुना माणूस म्हणतो, "मला वाटतं कॅशमध्ये घोळ आहे." आणि बहुतेकदा असतोही. म्हणून शोध तिथून सुरू होतो. पण 'मला वाटतं' एवढ्यावर कोड पुढे जात नाही. लॉगमध्ये दाखवावं लागतं, चूक पुन्हा घडवून दाखवावी लागते, दुसऱ्याच्या नजरेखालून न्यावं लागतं. वाटण्याने कुठे खणायचं ते कळतं. पाणी लागलं की नाही हे खणल्यावरच.

तीन-चार आठवड्यांत वहीत चित्र स्पष्ट झालं. दिशा, अंकमालिका, बैठक व्यवस्थेतले सोपे प्रश्न इथे तिचं 'दि, पक्की' क्वचितच चुकत होतं. तिथे तिने आकृत्या काढणं बंद केलं आणि वेळ वाचला. चुकत होतं ते 'विधाने आणि निष्कर्ष' मध्ये. सगळ्यात मोठा घोळ झाला तो या प्रश्नावर, जो मीच तिला घालून दिला होता:

सर्व ऊसतोड कामगार कष्टाळू आहेत. काही कष्टाळू लोक कर्जबाजारी आहेत. निष्कर्ष: काही ऊसतोड कामगार कर्जबाजारी आहेत.

तिने 'निष्कर्ष निघतो' वर खूण केली. दि, पक्की.

मी म्हणालो, निघत नाही. जे कर्जबाजारी कष्टाळू आहेत ते सगळे ऊसतोडीच्या बाहेरचे असू शकतात.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण दादा, हे खरं आहे ना."

खरं आहेच. दसऱ्याच्या आधी मुकादम उचल देतो, ती आधीच घरात खर्च झालेली असते आणि मग नवरा-बायको मिळून एक कोयता होऊन पाच-सहा महिने फडात ती फेडत राहतात. हे तिला पुस्तकातून कळलेलं नाही. तिच्या बारावीच्या फीचा हिशोब त्याच उचलीत आहे. तिने निष्कर्ष वाचला आणि मनाने होय म्हटलं, कारण मनाला वाक्य ओळखीचं होतं. ते वरच्या दोन विधानांतून आलं की नाही, हा प्रश्न मनाने विचारलाच नाही.

हे तिच्या एकटीचं नाही. १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये जोनाथन एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष तर्काने निघत नव्हता, पण पटण्यासारखा होता, तेव्हा दहातल्या सातांनी तो मान्य केला. तसाच न निघणारा, पण न पटणारा निष्कर्ष दिला तेव्हा दहातल्या एखाद्यानेच. तर्क तोच, फक्त वाक्य पटणारं की नाही एवढा फरक.

म्हणून मी तिला साचा तोच ठेवून माणसं बदलायला सांगितली. सर्व गायी चार पायांच्या आहेत. काही चार पायांचे प्राणी बिबटे आहेत. म्हणून काही गायी बिबटे आहेत. ती हसली. २०२० च्या नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांनी आमचा तालुका हादरला होता, तेव्हा गोठ्यात काय आहे आणि काय नाही याबाबत इथल्या माणसाचं मन फार जागं आहे. जो कौल ऊसतोडीच्या वाक्यावर झोपला होता तो इथे लगेच उठून बसला. युक्ती एवढीच: निष्कर्ष फार पटला की त्याच साच्यात काहीतरी अशक्य भरून बघायचं. पाच सेकंदांत होतं, वेन आकृती लागत नाही.

उलट, ओळखीचा संदर्भ कधी मदतीलाही येतो. पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेलं एक कोडं प्रसिद्ध आहे. आपल्या अक्षरांत सांगायचं तर टेबलावर चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळला आहे का हे बघायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक लोक अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. दहातल्या एखाद्यालाच हे पहिल्या फटक्यात जमतं.

आता हेच एसटीत न्या. नियम: अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेचं मोफत तिकीट असेल तर प्रवाशाचं वय ७५ पूर्ण हवं. समोर चार प्रवासी. एकाच्या हातात मोफत तिकीट आहे, एकाकडे पूर्ण तिकीट. तिसरे आजोबा ऐंशीचे, चौथे गृहस्थ साठीचे. कंडक्टर कुणाला हटकेल? मोफतवाल्याचं वय आणि साठीवाल्याचं तिकीट. ऐंशीच्या आजोबांना तो विचारतही नाही. तर्कशास्त्राचा तास न करता बरोबर तेच दोन पत्ते उलटले. १९८२ मध्ये अमेरिकेत ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी दारू पिण्याच्या वयाचा नियम घेऊन असाच प्रयोग केला, तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांना तो सहज सुटला. म्हणजे 'जर-तर' चा प्रश्न अडला की त्याला एसटीत बसवून बघावं. तिने वहीच्या मागच्या पानावर हेच लिहून ठेवलंय: 'अडलं की कंडक्टरला विचार.'

या सगळ्याला आपल्याकडे जुनी नावं आहेत, हे मला उशिरा कळलं. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' हे न्यायशास्त्राचं छोटं पाठ्यपुस्तक. १८९७ साली मुंबईत यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती निघाली, ती आजही अभ्यासक वापरतात. त्यात अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. स्वार्थानुमान, म्हणजे आपल्यापुरतं. डोंगरावर धूर दिसला, स्वयंपाकघरातली चूल आठवली, तिथे विस्तव आहे हे उमगलं. आणि परार्थानुमान, दुसऱ्याला पटवण्यासाठीचं. त्याला पाच पायऱ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. अभ्यासिकेतलं 'दिसलं' आणि 'काढलं' याच्या फार जवळ आहे. तिथे एकाला खोटं आणि दुसऱ्याला खरं ठरवलेलं नाही. दोन्ही अनुमानंच. फक्त एक मनात होतं, दुसरं चारचौघांत मांडावं लागतं.

त्याच पुस्तकात 'सव्वाशे टक्के दिसलं' वाल्यांसाठी एक इशाराही आहे. धूर आहे म्हणून विस्तव आहे, हे ठीक. पण विस्तव आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं जळण लागतं. आमच्याकडे चूल पेटवणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत आहे. तरी परीक्षेत 'सर्व अ हे ब आहेत' वाचून 'सर्व ब हे अ आहेत' असं मानणारे प्रत्येक बाकावर सापडतात. तिने या चुकीचं नाव वहीत 'गोळा' ठेवलं.

त्या दसऱ्याच्या सुमारास मुकादम घरी हिशोबाला आला होता. मी ओसरीत होतो. मागच्या हंगामाची बाकी आहे की नाही यावर मामांचं आणि त्याचं जुळत नव्हतं. मुकादम हसत म्हणाला, "ज्याची बाकी असते तो परत माझ्याकडेच येतो. तुम्ही आलात ना परत? मग बाकी आहेच की." मामा गप्प बसले. वाक्य पटण्यासारखं होतं.

ती आतून भाकरी टाकता टाकता म्हणाली, "बाकी असलेला परत येतो हे खरं. पण परत आलेला प्रत्येक जण बाकीवालाच कशावरून? वही दाखवा ना, काका."

वही उघडली गेली. दोन खेपांची नोंद राहिली होती. बाकी संपली नाही, पण कमी झाली. मुकादम वाईट माणूस नव्हता, त्यालाही ते तसंच दिसलं असेल. संध्याकाळी तिने मला फक्त एवढंच विचारलं, "गोळा होता ना?"

परीक्षेच्या दृष्टीने उरलेला भाग हिशोबाचा आहे. बरोबर उत्तराला २.५ गुण, चुकीला त्याचा चौथा हिस्सा वजा, म्हणजे ०.६२५. चार प्रश्न डोळे मिटून मारले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक. हाती ०.६२५ गुण. यूपीएससीत एक तृतीयांश वजा होतो, तिथे हाच आकडा शून्यावर येतो. पण चारपैकी दोन पर्याय कारणासह खोडता आले, तर चार प्रश्नांत सरासरी दोन बरोबर, दोन चूक, आणि हाती ३.७५. म्हणून जिथे पूर्ण उत्तर काढायला वेळ नाही तिथे निदान दोन पर्याय काढून टाकायचे आणि उरलेल्या दोघांत मनाला कौल लावू द्यायचा. तिथे कौल स्वस्त पडतो.

आणि 'पहिलं आलेलं उत्तर बदलू नये' हे जे सगळे सांगतात, त्याला फारसा आधार नाही. २००५ मध्ये जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या पेपरांवरच्या खोडाखोडी मोजल्या. चुकीचं खोडून बरोबर केलेली उत्तरं, बरोबर खोडून चुकीचं केलेल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. बदलून चुकलेलं आपल्याला जास्त टोचतं, म्हणून तेच लक्षात राहतं. आपल्याकडे ओएमआरवर बॉलपेनाने गोल काळा केला की बदल संपला. म्हणून ती आता आधी प्रश्नपत्रिकेवर खूण करते, पान पुरं झालं की 'विधान-निष्कर्ष' वर एक नजर टाकते आणि मगच गोल भरते.

आष्टीत रेल्वे आली ती २०२२ च्या सप्टेंबरात. त्याआधी कित्येक वर्षं इथली पोरं 'आगगाडी बोगदा किती सेकंदांत ओलांडेल' ही गणितं सोडवत होती. गाडी न बघता गाडीचं गणित करणं त्यांना जमलं. तिच्यापुढचं काम याच्या उलट आहे आणि अवघड आहे: जे रोज डोळ्यांसमोर आहे ते तीस सेकंद बाजूला ठेवून फक्त समोरच्या दोन ओळींतून काय निघतं ते बघणं. पेपरात तो निष्कर्ष निघत नाही. घरात तो खराच आहे. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात नीट ठेवता आल्या, तर ६६ गुण हे फार नाहीत.

तिची पूर्व परीक्षा अजून व्हायची आहे. वही तिसरी चालू आहे. समासातले 'दि' आता जास्त आहेत आणि त्यापुढची कारणं आखूड झाली आहेत, कधी नुसता एकच शब्द, 'गोळा' किंवा 'कंडक्टर'. तुम्हीही कुठली परीक्षा देत असाल तर पुढच्या मॉकला तक्ता उघडण्याआधी समासात ती दोन अक्षरं टाकून बघा. तुमचं मन कुठे भरवशाचं आहे आणि कुठे नुसतंच बोलकं आहे, हे तुम्हाला दुसरं कुणी सांगू शकणार नाही.